ॲक्शन कॅमेऱ्याचा वायफाय पासवर्ड: कुठे वाचायचा, कधी बदलायचा आणि फोनमध्ये काय पुसायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामेभावाकडून वापरलेला गोप्रो हिरो ७ ब्लॅक घेतला. फोनवर गोप्रोचं क्विक ॲप टाकलं, वायफायच्या यादीत कॅमेऱ्याचं नाव दिसतं, पण जोडायला गेलं की पासवर्ड मागतो. घरच्या वायफायचा टाकून पाहिला, भावाने आठवून सांगितलेले टाकले, एकही लागला नाही. रीसेट करावं तर कार्डावरचे राजगडचे व्हिडिओ जातील अशी धास्ती. शिवाय घरात एक जुना स्वस्तातला कॅमेरा पडून आहे, त्याचाही पासवर्ड कोणाला माहीत नाही.

मी पुण्यात ट्रेकर आणि रायडर मंडळींना कॅमेरे भाड्याने देतो. त्यामुळे शुक्रवारी रात्री येणारे फोन बहुतेक याच विषयाचे असतात.

आधी व्हिडिओंचं सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. जोडणी रीसेट केल्याने कार्डाला काहीही होत नाही. पासवर्ड कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत असतो, व्हिडिओ मायक्रो एसडी कार्डावर असतात, दोघांचा संबंध नाही. फॅक्टरी रीसेटनेसुद्धा गोप्रोचं कार्ड पुसलं जात नाही. कार्ड पुसतं ते ‘फॉरमॅट एसडी कार्ड’ या पर्यायाने. गंमत अशी की तो पर्याय बऱ्याच कॅमेऱ्यांत रीसेटच्याच यादीत, बोटभर अंतरावर असतो. घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडलं तर राजगड गेला. म्हणून एकच करा, रीसेटला हात घालण्यापूर्वी कार्ड काढून खिशात ठेवा. जोडणी रीसेट व्हायला कार्डाची गरज नसते.

आता घरच्या वायफायचा पासवर्ड का चालला नाही ते. फोनला जोडला जाताना हा कॅमेरा तुमच्या घरच्या नेटवर्कवर येतच नाही. तो स्वतःच एक छोटं नेटवर्क सोडतो आणि फोन त्याच्याकडे पाहुणा म्हणून जातो. त्या नेटवर्कवर इंटरनेट नसतं, फक्त कॅमेरा असतो. गोप्रोचा तिथला पत्ता १०.५.५.९ असा ठरलेला आहे. घरच्या वायफायचा पासवर्ड लागतो तो वेगळ्या कामाला, म्हणजे कॅमेऱ्याने चार्जिंगला असताना व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढवावेत असं वाटत असेल तेव्हा, किंवा लाइव्ह प्रक्षेपण करायचं असेल तेव्हा. तेव्हा कॅमेरा तुमच्या राऊटरचा पाहुणा होतो. या दोन जोडण्यांची गल्लत इतकी सर्रास होते की नवीन माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, ॲपमधली शब्दरचनाच तशी आहे.

याचा फायदा असा की पासवर्ड भावाच्या डोक्यात किंवा कंपनीच्या सर्व्हरवर नसून कॅमेऱ्यातच असतो. कॅमेरा तुमच्या हातात असेल आणि पडदा चालू असेल तर पासवर्ड ‘हरवला’ असं होऊच शकत नाही.

हिरो ७ ब्लॅकवर मागच्या पडद्यावर वरून खाली बोट सरकवा, ‘प्रेफरन्सेस’ उघडा, त्यात ‘कनेक्शन्स’. तिथे आधी ‘वायरलेस कनेक्शन्स’ चालू आहे का ते बघा, कारण विमानात बंद केलेलं आणि नंतर विसरलेलं हे बटण मी कितीदा तरी पाहिलंय. त्याच यादीत ‘नेम अँड पासवर्ड’ किंवा ‘कॅमेरा इन्फो’ अशी ओळ मिळेल, सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे नाव थोडं बदलतं. उघडली की नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड दोन्ही समोर. नाव बदललेलं नसेल तर ते ‘जीपी’ आणि पुढे आकडे असं असतं. हिरो ५ ब्लॅकपासून पुढे पडदा असलेल्या सगळ्या हिरोंची रीत साधारण हीच. ९ पासून वरच्या मॉडेलांत खाली सरकवल्यावर आणखी एकदा डावीकडे सरकवावं लागतं, तेव्हा प्रेफरन्सेस येतं, आणि अगदी नव्यांत यादीचं नाव ‘वायरलेस कनेक्शन्स’ असं आहे.

पासवर्ड वाचताना चष्मा लावा, चेष्टा नाही. लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. कॅपिटल आय आणि स्मॉल एल, शून्य आणि इंग्रजी ओ, या जोड्या त्या दीड-दोन इंची पडद्यावर एकसारख्या दिसतात. नव्या गोप्रोंच्या पासवर्डमध्ये मधे हायफन असतात, ते पासवर्डचाच भाग आहेत, गाळायचे नाहीत. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, तेही बघा. माझी सवय अशी की त्या पडद्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढायचा, मोठा करून वाचायचा, आणि तो फोटो जपून ठेवायचा.

पण खरा मुद्दा पुढे आहे. सगळं नीट चाललं असेल तर हा पासवर्ड तुम्हाला हाताने टाकावाच लागत नाही. गोप्रोची जोडणी दोन टप्प्यांत होते. आधी ब्लूटूथ. ॲप आणि कॅमेरा ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात, ॲप त्याच ब्लूटूथवरून वायफायचं नाव आणि पासवर्ड वाचून घेतं, कॅमेऱ्याला वायफाय चालू करायला सांगतं, आणि मग फोनला त्या नेटवर्कवर नेतं. म्हणजे फोन जेव्हा तुमच्यापुढे पासवर्डची चौकट उभी करतो, तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक झालेलं असतं. एक तर तुम्ही ॲप सोडून फोनच्या वायफाय यादीत जाऊन कॅमेऱ्याचं नाव दाबलंय, किंवा ब्लूटूथचा टप्पा अर्धवट राहिलाय. दोन्हींत पासवर्ड शोधून टाकल्याने त्या दिवसापुरतं काम होईल, पण पुढच्या वेळी तीच रड.

त्यामुळे वापरलेला कॅमेरा घेतला असेल तर मी पासवर्ड वाचण्यापेक्षा जोडणी पुसून नव्याने करायला सांगतो. भावाच्या फोनची ओळख कॅमेऱ्यात राहून उपयोग काय? ‘कनेक्शन्स’मध्येच ‘रीसेट कनेक्शन्स’ आहे. त्याने ओळखीच्या उपकरणांची यादी पुसली जाते आणि कॅमेरा नवा पासवर्ड बनवतो. व्हिडिओच्या सेटिंग, भाषा, तारीख जागच्या जागी राहतात. ‘रीसेट डिफॉल्ट्स’ याच्या नेमकं उलट आहे, तो चित्रीकरणाच्या सेटिंग मूळपदावर आणतो, पासवर्ड बदलत नाही. लोक तोच दाबतात आणि ‘रीसेट करूनही होत नाही’ म्हणतात. ‘फॅक्टरी रीसेट’ सगळंच पुसतो. कॅमेरा विकताना किंवा विकत घेताना तो ठीक आहे, नुसत्या वायफायसाठी कशाला?

रीसेट झाल्यावर कॅमेरा कोरा होतो, पण फोन होत नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. फोनमध्ये जुनी आठवण तीन ठिकाणी असते. वायफायच्या जतन यादीत जुना पासवर्ड, ब्लूटूथच्या यादीत जुनी जोडी, आणि ॲपमध्ये जुना कॅमेरा. यातली एकही राहिली तर फोन जुनी किल्ली घेऊन नव्या कुलपापुढे उभा राहतो आणि ‘ऑथेंटिकेशन एरर’ किंवा ‘इनकरेक्ट पासवर्ड’ म्हणतो. म्हणून वायफायमध्ये जाऊन कॅमेऱ्याचं नाव ‘फरगेट’ करा, ब्लूटूथमधून काढून टाका, ॲपमधला कॅमेरा हटवा, मग फोन एकदा बंद-चालू. आयफोनवर ब्लूटूथची जुनी जोडी विशेष चिवट असते, ती हाताने काढल्याशिवाय नवी बसत नाही.

मग कॅमेऱ्यावर ‘कनेक्शन्स’मधून नवीन उपकरण जोडायचा पर्याय घ्या आणि गोप्रो ॲप निवडा, आणि फोनवर क्विकमध्येच ‘ॲड कॅमेरा’. या ॲपचं नाव २०२१ साली गोप्रोवरून क्विक झालं, कॅमेऱ्याच्या मेनूत जुनंच नाव असेल तर गोंधळू नका. जोडी ॲपमधूनच लावायची, फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून नाही.

मधल्या वेळी फोन परवानग्या मागेल. इथे लोक संशयाने ‘नको’ म्हणतात आणि मग काहीच दिसत नाही. अँड्रॉइडवर आवृत्ती ६ पासून आसपासची वायफाय नेटवर्क शोधायला लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून ब्लूटूथसाठी ‘निअरबाय डिव्हायसेस’ अशी वेगळी परवानगी आली. फोनचं लोकेशन प्रत्यक्ष चालूही असावं लागतं, नुसती परवानगी पुरत नाही. आयफोनवर ब्लूटूथची परवानगी, शिवाय आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ची. ती नाकारली असेल तर वायफाय जोडलेलं दिसतं पण ॲपला कॅमेरा सापडत नाही. सेटिंगमध्ये ॲपच्या नावाखाली ती पुन्हा चालू करता येते.

जोडलं गेलं आणि दहा सेकंदांत तुटलं, असं होत असेल तर पासवर्डाचा काही संबंध नाही. कॅमेऱ्याच्या नेटवर्कवर इंटरनेट नाही हे फोनच्या लक्षात येतं आणि तो शहाणपणा करून मोबाइल डेटावर परत उडी मारतो. अँड्रॉइडवर ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेलं ठेवायचं का’ असा प्रश्न येतो, त्याला हो म्हणायचं. तरीही तुटत असेल तर मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद करा, व्हीपीएन चालू असेल तर तेही, आणि वायफाय कमजोर असल्यास डेटावर जाण्याची जी सोय वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये वेगवेगळ्या नावांनी असते तीसुद्धा. आयफोनवर तिचं नाव ‘वायफाय असिस्ट’.

नेटवर्कचं नावच दिसत नसेल तर बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, तपासा. हिरो ७ ब्लॅक २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही जाणतो, कोणता वापरायचा ते ‘कनेक्शन्स’मधल्या ‘वायफाय बँड’ने ठरतं. जुन्या किंवा स्वस्त फोनला ५ चालत नाही, मग कॅमेरा समोर ठेवूनही यादीत येत नाही. २.४ करा, हळू चालेल पण दिसेल. पाण्यात मात्र दोन्हींपैकी काही चालत नाही, हे तारकर्लीला जाणाऱ्यांसाठी. या लहरी पाण्यात काही सेंटीमीटरांतच विरतात, तेव्हा कॅमेरा खाली आणि फोन होडीत हा बेत सोडून द्या.

आता तुमचा दुसरा कॅमेरा. मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून बाजारात जे जास्त फिरतात त्यांचं सांगतो. स्वस्तातल्या चिनी कॅमेऱ्यांत पासवर्ड बहुधा सरळसोट असतो: १२३४५६७८ किंवा १२३४५६७८९०, अर्थात इंग्रजी आकड्यांत. एसजेकॅमच्या एसजे४००० घराण्यात पहिला, एकेन एच९, अकासो ईके७००० आणि २०१५चा शाओमी यी यांच्यात दुसरा. बरेच कॅमेरे वायफाय चालू केल्यावर नाव आणि पासवर्ड पडद्यावर दाखवतातच. वायफाय चालू करायचं बटण काहींवर बाजूला असतं, काहींवर वरच्या किंवा खालच्या दिशेचं बटण दाबून धरायचं. आधीच्या मालकाने पासवर्ड बदललेला असेल आणि पडदा दाखवत नसेल तर सेटिंगमध्ये शेवटी ‘डिफॉल्ट सेटिंग’ किंवा ‘सिस्टम रीसेट’ असतं, त्याने मूळचा परत येतो. या कॅमेऱ्यांत ब्लूटूथचा टप्पा सहसा नसतो. म्हणून इथे उलटा क्रम: आधी फोनच्या वायफाय यादीत जाऊन पासवर्ड टाकून जोडायचं, मग ॲप उघडायचं. ॲपही ज्याचं त्याचं वेगळं, खोक्यावरच्या किंवा माहितीपत्रकावरच्या क्यूआर कोडवरून कळतं. खोकं नसेल तर मॉडेलचं नाव शोधून मगच ॲप टाका, कारण दिसायला सारख्या दोन कॅमेऱ्यांना एकच ॲप चालेल याची काही खात्री नसते.

जुना गोप्रो असेल, म्हणजे हिरो ३ किंवा ४, तर मूळ पासवर्ड ‘गोप्रोहिरो’ हा एकच शब्द, सगळा स्मॉल इंग्रजी अक्षरांत. त्या काळी मालकाला ॲपमधून स्वतःचा पासवर्ड ठेवता येत असे, त्यामुळे विसरण्याची शक्यता त्याच मॉडेलांत खरी. हिरो ४ला सेटअपमधल्या रीसेटमध्ये वायफायसाठी स्वतंत्र पर्याय आहे, तो वापरला की पुन्हा ‘गोप्रोहिरो’. आणि त्यात जोडणीच्या वेळी पडद्यावर सहा आकडे येतात ते जोडीचे, वायफायच्या चौकटीत टाकायचे नाहीत.

इन्स्टा३६०च्या वन एक्स आणि वन आर यांचा मूळचा पासवर्ड ८८८८८८८८, म्हणजे आठ हा आकडा आठ वेळा, इंग्रजी आकड्यांत. कॅमेऱ्याला पडदा असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये दिसतो. डीजेआयच्या ऑस्मो ॲक्शनमध्येही खाली सरकवून सेटिंगमधल्या वायरलेस जोडणीच्या भागात बघायचं.

सोनीची गोष्ट मला आवडते. एचडीआर-एएस३०० किंवा एफडीआर-एक्स३००० यांना रंगीत टचस्क्रीन नाही, छोटा काळा-पांढरा पडदा आहे. त्यांनी पासवर्ड छापून चिकटवला आहे, बॅटरीच्या झाकणाच्या आत किंवा माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर. पुस्तिका रद्दीत गेली आणि चिठ्ठी पाण्याने उडाली, तरी वाट आहे. कॅमेरा यूएसबीने संगणकाला जोडून चालू करा. ‘पीएमहोम’ नावाचा ड्राइव्ह उघडेल, त्यात ‘इन्फो’ फोल्डर, आणि त्यात वायफायची एक छोटी टेक्स्ट फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडली की नाव आणि पासवर्ड दोन्ही लिहिलेले. अशी साधी सोय बाकीच्यांनी का केली नाही कोण जाणे.

मूळचे पासवर्ड हे असे सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणूनच ते बदलता येत असतील तर बदला. मुक्कामाच्या जागी एकाच मॉडेलचे चार कॅमेरे चालू असतात. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात शिरून त्याचे फोटो पाहायला मग कोणतीही हुशारी लागत नाही. नवा ठेवताना किमान आठ अक्षरं लागतात, डब्ल्यूपीए२ सुरक्षेचा तो नियमच आहे. सात टाकली तर ॲप कारण न सांगता नकार देतं.

भावाच्या फोनमधून पासवर्ड काढता येईल का, असंही विचारलंय. कधी कधी. त्याने हाताने पासवर्ड टाकून कॅमेरा जोडला असेल तर अँड्रॉइड १० पासून पुढे वायफायच्या जतन यादीत त्या नावावर ‘शेअर’ दाबल्यावर क्यूआर कोड येतो, बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनवर आयओएस १६ पासून वायफायमधल्या ‘एडिट’ने जुनी नेटवर्क दिसतात. विंडोज ११वर ओळखीच्या नेटवर्कांच्या यादीत ‘व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की’. पण नव्या अँड्रॉइडवर ॲपनेच जोडणी केली असेल तर ते नेटवर्क तात्पुरतं धरलं जातं, जतन यादीत येतच नाही. मग भावाचा फोन कितीही उलटापालटा करा, काही सापडणार नाही. आणि तुम्ही आधीच रीसेट केलं असेल तर सापडलेला पासवर्डही जुनाच.

पडदा फुटलेला असेल तर काम अवघड. हिरो ९ आणि पुढच्या मॉडेलांसाठी गोप्रोने ‘ओपन गोप्रो’ नावाने जोडणीची तांत्रिक माहिती खुली केली आहे, त्यात ब्लूटूथवरून वायफायचं नाव आणि पासवर्ड वाचायची सोय आहे. थोडं प्रोग्रामिंग येत असेल आणि कॅमेरा आधी जोडलेला असेल तर जमतं. हिरो ७ला हा मार्ग धरू नका, पडदा बदलणं सोपं.

एक सूचना पासवर्ड लिहून ठेवण्याबद्दल. बरेच जण चिकटपट्टीवर लिहून बॅटरीच्या दाराच्या आत लावतात. सोनीने आतच छापला आहे हे खरं, पण हिरो ७ वरच्या जलरोधक कवचाविना १० मीटर पाण्यात चालतो तो त्या दारांच्या रबरी कडेच्या भरवशावर. तिच्याखाली पट्टीचा कोपरा आला की पाणी आत. पट्टी लावायचीच तर कॅमेऱ्याच्या पिशवीत लावा.

आणि तुम्हाला फक्त राजगडचे व्हिडिओ फोनवर हवे असतील तर वायफायच्या भानगडीत आत्ता पडूच नका. हिरो ७ ब्लॅक जास्तीत जास्त ७८ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने लिहितो, म्हणजे त्या दराने एका मिनिटाला जवळपास ५८५ मेगाबाइट. दहा मिनिटांचा व्हिडिओ सहा जीबीच्या आसपास. २.४ गिगाहर्ट्झवर तो उतरवायला बसलात तर कॅमेऱ्याची बॅटरी आधी संपेल. टाइप-सीचा छोटा कार्ड रीडर घ्या, कार्ड त्यात, रीडर फोनला, आणि फाइल मॅनेजरमधून कॉपी करा. मग कॉपी झालेली एक-दोन फाइल उघडून चालतात का ते बघा, आणि त्यानंतर रीसेटला बसा, कॅमेरा पूर्ण चार्ज करून.